अर्ध्यावर थांबलेले काम

प्रस्तावना

माणूस एखादे काम करीत असतो आणि मध्येच हाक येते. हातातले काम तसेच ठेवून तो उठतो, हाकेला ओ देतो आणि परत येऊन राहिलेले काम पुढे चालू करतो. दाराची घंटा, दूरध्वनी, वरिष्ठांचे बोलावणे अशा हाका दिवसभर येतच असतात. बहुतेक वेळा त्यांमुळे काही बिघडत नाही. परंतु हिशेबाची नोंद अर्धी लिहून झाली असताना हाक आली आणि त्याच वहीत त्याच पानावर दुसरी नोंद करावी लागली, तर दोन्ही नोंदी बिघडण्याचा संभव असतो. चूक झाल्याचे त्या वेळी कोणाच्या लक्षातही येत नाही.

संगणकालाही अशा हाका येतात. युनिक्स आणि तिच्या वळणावर घडलेल्या लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये या हाकांना ‘सिग्नल’ असे म्हणतात. सिग्नल आल्यावर जे काम करायचे ते नीट विचार करून लिहिले नाही, तर चांगली चाललेली आज्ञावली अडकून पडते, चुकीची उत्तरे देते किंवा परक्या माणसाला संगणकाचे दार उघडून देते. हे कसे घडते आणि ते कसे टाळावे, याची ओळख या पाठात करून दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी करता येतील :

• सिग्नल व सिग्नल हँडलर यांचा अर्थ सांगणे.
• सिग्नल हँडलरमधून लायब्ररीतील काही फंक्शने वापरणे धोक्याचे का असते, हे उदाहरणाने स्पष्ट करणे.
• हा धोका टाळण्याचे मार्ग सांगणे.
• २००६ आणि २०२४ या वर्षी उघडकीस आलेल्या एकाच दोषाची हकीकत सांगून तिच्यातील बोध लिहिणे.

मूळ पाठ

१. युनिक्स आणि तिच्या हाका

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे तिचे प्रमुख जनक. भारतात ही ऑपरेटिंग सिस्टिम १९८० च्या दशकात रुजली. दिल्लीत १९७६ साली सुरू झालेल्या आणि पुढे नोएडात विस्तारलेल्या एचसीएल या कंपनीने त्या दशकात युनिक्सवर चालणारी ‘मॅग्नम’ यंत्रे तयार केली. बँकांच्या शाखांमध्ये संगणक येऊ लागले तेव्हा तेथेही युनिक्सला स्थान मिळाले. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. २०१५ साली केंद्र सरकारने शासकीय कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. आज पडद्याआड राहून सेवा पुरवणारे असंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात. म्हणून युनिक्सच्या घडणीतील एखादी बारीक गोष्टही केवळ तज्ज्ञांपुरती राहत नाही. तिचा परिणाम सामान्य नागरिकापर्यंत पोहोचतो.

चालू असलेल्या आज्ञावलीला काही घडल्याची सूचना देण्यासाठी युनिक्समध्ये सिग्नलची योजना केलेली आहे. कळफलकावरील ‘कंट्रोल’ आणि ‘सी’ या कळा एकत्र दाबल्या, की समोर चाललेल्या आज्ञावलीला ‘थांब’ असा सिग्नल जातो. ठरवून दिलेला वेळ संपला, की गजराचा सिग्नल येतो. आज्ञावलीने सुरू करून दिलेले एखादे उपकाम संपले, की त्याचाही सिग्नल मिळतो. आपल्या वाट्याला न आलेल्या मेमरीला हात लावला, तरी सिग्नल येतो.

आज्ञावलीने काही व्यवस्था केली नसेल, तर यांपैकी बरेचसे सिग्नल तिला बंद पाडतात. पण कार्यक्रमकार तिला आधीच सांगून ठेवू शकतो, की अमुक सिग्नल आला तर तमुक फंक्शन चालव. अशा फंक्शनला ‘सिग्नल हँडलर’ म्हणतात. सिग्नल येताच मुख्य काम जेथे असेल तेथे थांबते, हँडलर चालतो, आणि तो संपल्यावर मुख्य काम थांबलेल्या ठिकाणाहून पुढे सुरू होते.

‘जेथे असेल तेथे’ या शब्दांत सगळी अडचण साठलेली आहे. कार्यक्रमकाराला आज्ञावलीची एक ओळ म्हणजे एक काम वाटते. संगणकाच्या दृष्टीने त्या एका ओळीत शेकडो बारीक पायऱ्या असू शकतात. सिग्नल त्यांतील कोणत्याही दोन पायऱ्यांच्या मध्ये येऊ शकतो. काम पुरे होण्याची तो वाट पाहत नाही.

२. धर्मशाळेच्या वहीचा दाखला

ही अडचण समजण्यासाठी एक दाखला घेता येईल. नवी दिल्ली रेल्वे स्थानकासमोरील पहाडगंज भागात प्रवाशांच्या उतरण्याच्या अनेक जागा आहेत. तेथे एक धर्मशाळा आहे आणि तिचा कारभार एकच व्यवस्थापक पाहतो, अशी कल्पना करावी. रिकाम्या खोल्यांची त्याची एक वही आहे. वहीच्या माथ्यावर ‘पुढची रिकामी खोली : ७’ असे लिहिले आहे. ७ क्रमांकाच्या पुढे ‘यानंतर १२’, आणि १२ च्या पुढे ‘यानंतर १५’ अशी साखळी आहे. प्रवासी आला, की व्यवस्थापक माथ्यावरचा आकडा वाचतो, ती खोली प्रवाशाला देतो आणि माथ्यावर साखळीतला पुढचा आकडा लिहितो.

एके दिवशी एक कुटुंब खिडकीशी येते. व्यवस्थापक माथ्यावरचा ७ हा आकडा वाचतो. तो खोडून १२ लिहिणार, इतक्यात दूरध्वनी वाजतो. स्थानकावरून दुसरे एक कुटुंब खोली मागते. व्यवस्थापक तीच वही पाहतो. माथ्यावर अजून ७ च आहे. तो त्यांना ७ क्रमांकाची खोली देतो, माथ्यावर १२ लिहितो आणि दूरध्वनी ठेवतो. मग तो खिडकीशी उभ्या असलेल्या कुटुंबाकडे वळतो. त्याच्या मनात मघाशी वाचलेला ७ हा आकडा आहे. तो त्यांनाही तीच खोली देतो आणि माथ्यावर पुन्हा १२ लिहितो.

वही पाहिली तर तीत खाडाखोड नाही. व्यवस्थापकाने दोन्ही वेळा नियमाप्रमाणेच काम केले. तरीही एका खोलीत दोन कुटुंबे गेली. दोष आहे तो पहिले काम अर्ध्यावर असताना त्याच वहीवर दुसरे काम करण्यात. दूरध्वनी क्षणभर आधी किंवा क्षणभर नंतर आला असता, तर काहीच बिघडले नसते. म्हणूनच अशी चूक चाचणीत क्वचितच सापडते. हजार वेळा तपासले तरी हजारही वेळा सगळे ठीक दिसते, आणि एखाद्या दिवशी मात्र घोटाळा होतो.

३. लायब्ररीतील फंक्शने का बिघडतात ?

प्रत्येक आज्ञावलीत सगळे काही नव्याने लिहावे लागू नये, म्हणून नेहमी लागणारी फंक्शने लायब्ररीत तयार ठेवलेली असतात. मेमरीचा तुकडा मागून घेण्यासाठी ‘मॅलॉक’ आणि तो परत करण्यासाठी ‘फ्री’ ही फंक्शने असतात. पडद्यावर मजकूर छापण्यासाठी ‘प्रिंटएफ’, तर यंत्राच्या नोंदवहीत नोंद करण्यासाठी ‘सिसलॉग’ असते. यांतील अनेक फंक्शने आपापल्या वह्या राखतात. मॅलॉकजवळ रिकाम्या मेमरीची यादी असते, आणि ती धर्मशाळेच्या वहीसारखीच साखळीची असते. प्रिंटएफजवळ अजून छापावयाच्या अक्षरांचा साठा असतो.

मुख्य काम मॅलॉकच्या आत असताना सिग्नल आला आणि हँडलरनेही मॅलॉकला बोलावले, तर मेमरीचा एकच तुकडा दोन कामांना दिला जाऊ शकतो. एकाने त्यात लिहिलेले दुसरा पुसून टाकतो. यादीची साखळीही तुटू शकते. हँडलरमध्ये मॅलॉकचे नाव दिसले नाही, म्हणून निश्चिंत राहता येत नाही. प्रिंटएफ आणि सिसलॉग ही फंक्शने आतून मॅलॉकचे साहाय्य घेऊ शकतात. वरून निरुपद्रवी दिसणारी एखादी ओळ अशा रीतीने त्याच वहीला जाऊन भिडते.

यावर कुलूप हा उपाय सुचतो. वही उघडली, की तिला लाल फीत बांधावी आणि फीत सुटेपर्यंत दुसऱ्या कोणी वहीला हात लावू नये, असा नियम करावा. दोन व्यवस्थापक असतील तर हा नियम उत्तम चालतो. दुसरा थोडा वेळ थांबतो. सिग्नलच्या बाबतीत मात्र माणूस एकच असतो. दूरध्वनी घेतलेला व्यवस्थापक वहीची फीत पाहतो आणि ती सुटण्याची वाट पाहत बसतो. फीत सोडणारा तोच असतो, आणि तो तर वाट पाहत बसलेला असतो. अशी आज्ञावली बंद पडत नाही, चुकीचे उत्तरही देत नाही. ती नुसती थिजून राहते.

आणखी दोन उपद्रव लहान असले तरी ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. एखादे फंक्शन अयशस्वी झाले, तर त्याचे कारण ‘एररनो’ नावाच्या एका ठरावीक जागी लिहिले जाते. हँडलरने वापरलेल्या फंक्शनने त्याच जागी दुसरे कारण लिहिले, तर मुख्य काम परतल्यावर भलतेच कारण वाचते. म्हणून हँडलरने सुरुवातीला ते मूल्य जपून ठेवावे आणि जाताना पूर्ववत करावे.

दुसरा उपद्रव वाट पाहण्याच्या कामांचा. आज्ञावली जाळ्यावरून येणाऱ्या माहितीची वाट पाहत असताना सिग्नल आला, तर ते वाट पाहणे तुटते आणि ‘मध्येच अडथळा आला’ असे उत्तर मिळते. ते खरे अपयश नसते. काम पुन्हा करावयाचे असते. १९८३ सालच्या बर्कले युनिक्समध्ये अशी काही कामे आपोआप पुन्हा सुरू करण्याची व्यवस्था आली. पुढे दोहोंपैकी कोणती पद्धत हवी, ते निवडण्याची सोयही झाली. तरीही सर्वच कामे आपोआप सुरू होत नाहीत. म्हणून या उत्तराची दखल आज्ञावलीत घ्यावी लागते.

४. सुरक्षित मार्ग

या विषयातील मुख्य नियम थोडक्यात सांगता येतो : हँडलरने काम करू नये, कामाची खूण करून परत यावे.

व्यवस्थापकाने दूरध्वनीवर फक्त ‘एक खोली हवी’ एवढी चिठ्ठी लिहून मेजावर ठेवली असती, खिडकीवरचे काम पुरे केले असते, आणि मग चिठ्ठी पाहून वही उघडली असती, तर घोटाळा झाला नसता. आज्ञावलीतही हँडलरने एक लहानशी खूण बदलावी. ही खूण अशी असावी लागते, की तिचे मूल्य एका दमात बदलेल. अर्धे बदललेले मूल्य कोणाला दिसणार नाही. सी भाषेत त्यासाठी मूल्याचा खास प्रकार ठेवलेला आहे. हे मूल्य बाहेरूनही बदलू शकते, याची कल्पना कंपायलरला द्यावी लागते. नाहीतर तो जुन्याच मूल्यावर विसंबून राहतो. मुख्य काम आपल्या सोयीच्या जागी येऊन खूण पाहते आणि मग निवांतपणे मेमरी मागते, नोंद करते किंवा आवरते घेते.

दुसरा मार्ग सिग्नल काही काळ अडवून धरण्याचा. नाजूक काम सुरू करण्याआधी आज्ञावली अमुक सिग्नल रोखून ठेवावेत असे सांगते आणि काम झाल्यावर दार मोकळे करते. रोखलेला सिग्नल हरवत नाही. तो उंबऱ्यावर थांबतो. मात्र एकाच प्रकारचे अनेक साधे सिग्नल थांबले असतील, तर ते मिळून एकच गणले जातात. त्यामुळे सिग्नल मोजून हिशेब ठेवता येत नाही.

तिसऱ्या मार्गात आज्ञावली स्वतःसाठीच एक नळी तयार करते. हँडलर तिच्या एका तोंडातून एक अक्षर टाकतो आणि मुख्य काम दुसऱ्या तोंडाशी ते वाचते. २००७ सालापासून लिनक्समध्ये सिग्नल फाइलप्रमाणे वाचण्याचीही सोय झाली आहे. हे सारे मार्ग वेगवेगळे दिसले, तरी त्यांचे तत्त्व एकच आहे. अवेळी आलेली हाक योग्य वेळेपर्यंत सांभाळून ठेवणे, हे ते तत्त्व होय.

हँडलरमधून काहीच बोलावता येत नाही, असे मात्र नाही. युनिक्सच्या मानकात सुरक्षित फंक्शनांची यादी दिलेली आहे. थेट लिहिण्याचे ‘राइट’ आणि कोणतीही आवराआवर न करता आज्ञावली तत्काळ संपवणारे ‘अंडरस्कोर एक्झिट’ ही त्या यादीत आहेत. प्रिंटएफ, मॅलॉक, फ्री, सिसलॉग ही तीत नाहीत.

५. एकच दोष, दोनदा

दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश करण्यासाठी ‘ओपनएसएसएच’ ही आज्ञावली जगभर वापरली जाते. दिल्लीत बसलेला तंत्रज्ञ दुसऱ्या शहरातील सर्व्हर सांभाळतो, तो बहुधा हिच्याच साहाय्याने. ती सर्व्हरच्या दाराचे कुलूपच आहे, असे म्हटले तरी चालेल.

या कुलपाला एक गजर आहे. दाराशी आलेल्याने ठरावीक वेळात आपली ओळख पटवली नाही, तर त्याला निरोप दिला जातो. ही मुदत अलीकडच्या आवृत्त्यांत साधारणपणे १२० सेकंदांची असते. मुदत संपताच गजराचा सिग्नल येतो आणि हँडलर चालतो. या हँडलरला जाता जाता एक चांगले काम करावयाचे होते : अमुक पाहुणा ओळख न देता थांबला होता, अशी नोंद करणे. त्यासाठी त्याने सिसलॉग वापरले. सिसलॉगने आतून मेमरीच्या यादीला हात घातला.

मार्क डाउड यांनी हा धोका दाखवून दिला, आणि सप्टेंबर २००६ मध्ये आलेल्या ४.४ या आवृत्तीत तो दूर करण्यात आला. हँडलर नोंद करण्याच्या भानगडीत न पडता तत्काळ संपेल, अशी अट आज्ञावलीत घालण्यात आली. ऑक्टोबर २०२० मध्ये नोंदी ठेवण्याच्या भागाची पुनर्रचना करताना ती अट अनवधानाने गळली. मार्च २०२१ मध्ये ८.५ ही आवृत्ती बाहेर पडली आणि तिच्याबरोबर जुना दोष परत आला. कोणालाही काही बिघडलेले दिसले नाही, कारण नेहमीच्या वापरात काही बिघडतच नव्हते.

१ जुलै २०२४ रोजी क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी हा दोष जाहीर केला. त्यांनी ३२ बिटांच्या लिनक्सवर त्याचे प्रात्यक्षिक केले. ओळख न देता जोडणी करायची आणि मुदत संपण्याच्या नेमक्या क्षणी सर्व्हर मेमरीच्या यादीत गुंतलेला राहील, असा मजकूर पाठवायचा, अशी ती युक्ती होती. नेम साधायला सरासरी १०,००० प्रयत्न लागत होते, आणि एकूण काम ६ ते ८ तासांत होत होते. नेम साधला, की संगणकाचे सर्वाधिकार हल्लेखोराच्या हाती जात. शोध घेतला असता, जाळ्यावर उघड असलेले असे १ कोटी ४० लाखांहून अधिक सर्व्हर धोक्याच्या कक्षेत असू शकतात, असे संशोधकांना आढळले. त्याच दिवशी ९.८ ही दुरुस्त आवृत्ती प्रसिद्ध झाली.

याच आज्ञावलीचे माहेरघर असलेल्या ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमला मात्र या दोषाची बाधा झाली नाही. तिच्यात २००१ सालापासूनच सिग्नल हँडलरमधून निर्धोकपणे वापरता येईल असे सिसलॉगचे वेगळे रूप उपलब्ध होते, आणि हँडलर तेच वापरीत होता.

६. नोंद हवीच; पण केव्हा ?

भारतातील संगणक सुरक्षेची राष्ट्रीय यंत्रणा ‘सर्ट-इन’ ही नवी दिल्लीतील लोधी रोडवरील शासकीय संकुलात आहे. २००४ सालापासून ती कार्यरत आहे. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार, सुरक्षेला बाधा आणणारी घटना ध्यानात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. म्हणजे दाराशी कोण आले, कोण ओळख न देता थांबले, याच्या नोंदी अत्यंत मोलाच्या आहेत. चोरी झालीच, तर चोराचा माग त्यांवरूनच काढावयाचा असतो.

ओपनएसएसएचच्या हँडलरने नोंद करण्याचा विचार केला, तो म्हणून चुकीचा नव्हता. चुकली ती वेळ. पहारेकऱ्याने वहीत लिहिण्यासाठी मान खाली घातली आणि त्याच क्षणी दार उघडे राहिले, असा हा प्रकार झाला. हेतू चांगला असला, तरी अर्धवट अवस्थेतील गोष्टीला हात लावण्याची मुभा त्यामुळे मिळत नाही.

या हकीकतीत आणखी एक बोध आहे. २००६ साली घातलेली अट थोडक्या शब्दांची होती. ती कशासाठी आहे, हे ठाऊक नसलेल्याला ती अडगळ वाटावी अशीच होती. जुन्या वाड्याची डागडुजी करताना निरुपयोगी वाटलेला एखादा खांब काढावा आणि माळवद त्याच्यावरच तोललेले होते हे मागाहून कळावे, तसे येथे झाले. म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्याने काय केले याबरोबरच ते का केले, हेही जवळच लिहून ठेवावे. आणि जुनी आज्ञावली सुधारणाऱ्याने, कारण कळेपर्यंत, कोणतीही ओळ निरुपयोगी समजू नये.

सिग्नल येणे थांबवता येत नाही. हाक केव्हा येईल, हेही ठरवता येत नाही. हाक आल्यावर किती थोडे करायचे, एवढेच कार्यक्रमकाराच्या हाती असते.

शब्दार्थ

आज्ञावली – संगणकाला क्रमाने दिलेल्या सूचना, प्रोग्रॅम
कार्यक्रमकार – आज्ञावली लिहिणारा
हँडलर – सिग्नल आल्यावर चालणारे फंक्शन
उंबरा – दाराची खालची आडवी पट्टी
माळवद – जुन्या घराचे सपाट मातीचे छत
अनवधानाने – लक्ष न राहिल्यामुळे

स्वाध्याय

१. ‘जेथे असेल तेथे या शब्दांत सगळी अडचण साठलेली आहे’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.

२. धर्मशाळेच्या दाखल्यात वही, दूरध्वनी आणि मेजावरची चिठ्ठी ही आज्ञावलीतील कोणत्या गोष्टींची प्रतीके आहेत, ते लिहा.

३. कुलपाचा उपाय दोन माणसांत चालतो. मग एकाच माणसाच्या बाबतीत तो का फसतो?

४. कारणे द्या :
(अ) सिग्नलमुळे होणारी चूक चाचणीत क्वचितच सापडते.
(आ) हँडलरमध्ये मॅलॉकचे नाव नसले, तरी निश्चिंत राहता येत नाही.

५. ‘काय केले याबरोबरच ते का केले, हेही लिहून ठेवावे’ हा बोध संगणकाखेरीज अन्य कोणत्या कामाला लागू पडतो, ते आपल्या अनुभवातील उदाहरण देऊन आठ ते दहा ओळींत लिहा.